आधी टोपली, मग नकाशा

भेटवस्तूंच्या टोपल्या, म्हणजे ज्यांना सगळे गिफ्ट हॅम्पर म्हणतात त्या, ऑनलाइन विकण्याचा धंदा सुरू करायला फार थोडे लागते. घरातली एक खोली, एक मोबाइल, इन्स्टाग्रामवर चार चांगले फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक आणि दारातून पार्सल उचलणारा कुरिअरवाला एवढ्यावर मुळशी तालुक्यातल्या कुठल्याही गावातून पहिली दिवाळी निभावते. पहिले ग्राहक ओळखीतले असतात, दुसरे त्यांच्या ओळखीतले. खरा प्रश्न त्यानंतर येतो, कारण ओळखी संपल्यावर धंदा वाढवायचा तर कोणत्या दिशेने हे ठरवावे लागते. याची दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्हींच्या मागे विचार आहे. जुन्या वादपद्धतीला धरून पहिल्याला पूर्वपक्ष आणि दुसऱ्याला उत्तरपक्ष म्हणू. माझा कल उत्तरपक्षाकडे आहे, हे आधीच सांगतो. मात्र पूर्वपक्ष मुद्दाम लेचापेचा मांडून त्याला पाडण्यात काही हशील नाही, म्हणून त्याला पुरते बोलू देऊ.

पूर्वपक्ष : ऑनलाइन धंद्याला वेस नसते, हेच त्याचे बळ आहे. पौडच्या बाजारपेठेत महिन्याला किती हॅम्पर खपतील? आणि भेट ही वस्तूच अशी की देणारा एका गावी आणि घेणारा दुसऱ्या गावी असतो. बेंगळुरूतला मुलगा कोथरूडच्या आईला पाठवतो, नागपूरची बहीण ठाण्याच्या भावाला. मग विक्रेत्याने तालुक्याला चिकटून का बसावे? पैसे यूपीआयने क्षणात येतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही आपल्या राज्यात ई-कॉमर्स कंपन्यांमार्फत माल विकता येतो. शिवाय आडगावातून भेटी विकून मोठे झाल्याचे उदाहरण जगात आहेच. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मेडफर्ड नावाच्या गावी हॅरी आणि डेव्हिड या रोझेनबर्ग बंधूंची नासपतीची बाग होती. महामंदीत त्यांच्या उंची फळांचा बाजार बसला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांनी टपालाने फळे विकायला घेतली आणि सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्कच्या कंपन्यांच्या प्रमुखांना ती भेट म्हणून द्यायला पटवली. त्यातून ‘हॅरी अँड डेव्हिड’ हे अमेरिकेतले भेटटोपल्यांचे मोठे नाव उभे राहिले. तेव्हा इंटरनेट नव्हते, तरी त्यांनी बाजार देशभर शोधला. तुम्ही मात्र इंटरनेट हाताशी असून तालुक्याच्या सीमा मोजत बसला आहात. माल जास्त घेतला की खोकी, रिबिनी, सुका मेवा सगळे स्वस्त पडते. वाढ म्हणजे जास्त पिनकोड, एवढा साधा हिशेब आहे.

उत्तरपक्ष : उदाहरण उत्तम दिलेत, म्हणून तेच पुढे वाचू. रोझेनबर्ग बंधूंनी विकले काय? स्वतःच्या बागेतली नासपती. पेटीला जो भाव येत नव्हता तो भेटीच्या रूपात आला, कारण भेट घेताना कोणी किलोचा दर विचारत नाही. आता आपल्याकडच्या नेहमीच्या हॅम्परमध्ये डोकावा. बदाम बहुधा कॅलिफोर्नियाचे, चॉकलेट मोठ्या कंपनीचे, एक सुगंधी मेणबत्ती, एक मग, एक छापील शुभेच्छापत्र आणि पोकळी भरायला कागदाचा चुरा. हीच टोपली दिल्लीत भरता येते, पुण्यात भरता येते आणि तिथे ती मुळशीपेक्षा स्वस्त पडते, कारण घाऊक बाजार तिथेच आहे. फर्न्स अँड पेटल्ससारखी दिल्लीची कंपनी १९९४ पासून या क्षेत्रात आहे. तिच्याशी एकाच फोटोवर आणि एकाच भावावर स्पर्धा करायची, तर उरते ती जाहिरातीची बोली. आणि त्या बोलीत ज्याची थैली मोठी तो जिंकतो. मुळशीकडे स्वतःचे काय आहे ते पाहा. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून दिलेला इंद्रायणी तांदूळ या पट्ट्यातल्या खाचरांत घरोघर पिकतो. खुद्द आंबेमोहर आहे, डोंगरउतारावरची नाचणी आणि वरई आहे, उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे आहेत, बांबू आहे आणि त्याच्या दुरड्या विणणारे हात आहेत. दूरच्या स्पर्धकाला तुमचा फोटो उचलता येईल, दरपत्रक उचलता येईल. हा माल त्याला तुमच्याकडूनच घ्यावा लागेल. म्हणून वाढ पिनकोडांनी मोजण्याआधी टोपलीत काय आहे यावरून मोजावी, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष : ऐकायला छान, पण दिवाळीत तांदूळ भेट कोण देतो? हॅम्पर उघडल्यावर डोळे दिपले पाहिजेत. हिंजवडीतल्या कंपनीचा एचआर पाचशे नग मागतो तेव्हा त्याला पाचशे एकसारखे नग हवे असतात. आपल्याकडे एका घरची नाचणी बारीक, दुसऱ्याची खडेदार. एकीचे करवंदाचे लोणचे आंबट, दुसरीचे खारट. आणि इंद्रायणीचे म्हणाल तर त्या नावाची पोती राज्यातल्या प्रत्येक किराणा दुकानात दिसतात. मुळशीचा इंद्रायणी वेगळा हे ग्राहकाने कशावरून मानावे? मातीचा अभिमान टोपलीत घालता येत नाही.

उत्तरपक्ष : तांदूळ भेट देणे आपल्याला परके कधी होते? सुवासिनीची ओटी तांदळाने भरतो, अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतो आणि अनारसा होतो तो भिजवून दळलेल्या तांदळाचाच. संक्रांतीचे वाण, लग्नातले रुखवत, डोहाळजेवणाची ताटे या सगळ्यांत घरचे धान्य आणि घरचा पदार्थ मानाने बसलेला आहे. डोळे दिपवण्याचे काम बांधणीचे. ते कागद, कापड आणि बांबू करू शकतात. एकसारखेपणाची अडचण मात्र खरी आहे आणि तिला अभिमानाने उत्तर देता येणार नाही. तिथे चाळण, वजनकाटा आणि ठरलेली कृती लागते. खाद्यपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आणि पाकिटावर तिचा चौदा अंकी क्रमांक हवाच. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, किंमत, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि महिना-वर्षही छापावे लागते. या सक्तीच्या मजकुरालाच आणखी दोन ओळी जोडा, भात कुठल्या गावचा आणि गिरणीत कधी सडला. किराणा दुकानातल्या पोत्यावर ते नसते. तुमचा इंद्रायणी वेगळा का, याचे उत्तर तिथे मिळते. आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाचे चिन्ह वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती करून मगच ते छापावे. आणि पाचशे नगांची भीती हिशेबाने जाते. टोपलीमागे एक किलो तांदूळ धरला तरी पाचशे टोपल्यांना पाच क्विंटल लागतो. एका एकरातल्या भातातून याहून जास्त तांदूळ निघतो. एका शेतकऱ्याशी जूनमध्येच बोलणे केले तर सगळा तांदूळ एका खाचराचा, म्हणजे आपोआप एकसारखा. अडचण पाच हजार नगांना येईल; लहान धंद्याला लहान असण्याचा फायदा आहे तो इथे.

पूर्वपक्ष : ठीक, टोपली मुळशीची झाली. मग तर ती दूर पाठवायला आणखी सबळ कारण मिळाले. बेंगळुरूत, बडोद्यात, न्यू जर्सीत बसलेल्या मराठी माणसाला मावळपट्ट्यातला तांदूळ आणि घरचा फराळ हवाच आहे. तुमच्याच युक्तिवादाने बाजार देशभर, नव्हे जगभर होतो. आता का अडवता?

उत्तरपक्ष : अडवत नाही, खर्च मोजायला सांगतो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि व्हॉल्यूमेट्रिक वजन यांतले जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी पाच हजाराने भागायचे. ४० बाय ३० बाय २५ च्या खोक्यात बसणारी दुरडी प्रत्यक्षात अडीच किलो भरली तरी कुरिअरच्या बिलात ती सहा किलोंची होते. म्हणजे तुमच्या टोपलीचे सगळ्यात देखणे अंग दूरच्या प्रवासात सगळ्यात महाग पडते. दूर पाठवायचे असेल तर दुरडी सोडून चपटे खोके घ्यावे लागते आणि मग निम्मी ओळख मागे राहते. कायद्याचेही तसेच. नुसत्या मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण करपात्र मालाचे एक पार्सल बेळगावला पाठवायचे झाले तरी, हस्तकलेसारखे अपवाद सोडता, उलाढाल न बघता नोंदणी करावी लागते. पुढची गंमत अशी की वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या की कायदा त्याला मिश्र पुरवठा मानतो आणि त्यातल्या सर्वांत जड दराच्या वस्तूचा दर अख्ख्या टोपलीला लागतो. कायद्यातल्या व्याख्येत याचे उदाहरणच मिठाई, चॉकलेट, केक, सुका मेवा, फळांचे रस आणि फसफसणारी पेये यांच्या पुडक्याचे दिले आहे. शोभेसाठी अशा पेयाची एक बाटली ठेवलीत तर २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांनी सगळ्या टोपलीवर चाळीस टक्के. आणि परदेशाचे म्हणाल तर २०२५ ची दिवाळी आठवा. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून काढली, भारतीय टपाल खात्याने त्याआधीच २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सले थांबवली आणि सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन त्याच्या पाच-सहा दिवसांवर होते. ज्यांचा फराळ टपालाने अमेरिकेला जायचा त्यांचा हंगाम ऐन भरात बुडाला, तोही त्यांच्या कोणत्याही चुकीविना. उलट जवळचा बाजार पाहा. राजीव गांधी इन्फोटेक पार्क ज्या हिंजवडीत आहे ती मुळशी तालुक्यातच येते. पिरंगुटला कारखाने आहेत, लवळ्याला सिम्बायोसिसचे विद्यापीठ आहे. तिथे टोपल्या स्वतःच्या टेम्पोत उभ्या जातात, व्हॉल्यूमेट्रिक वजनाचा प्रश्न येत नाही आणि दुरडीला दुरडी राहता येते.

पूर्वपक्ष : आता तुम्ही अडकलात. कंपन्यांच्या ऑर्डरी म्हणजे ऑक्टोबरची भरती आणि उरलेल्या वर्षाची ओहोटी. एक खरेदी अधिकारी बदलला की ऑर्डर गेली. पैसे तीन-तीन महिने येत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी खात्यांना दिवाळीच्या भेटींवर खर्च न करण्याचा आदेश दिला. उद्या खासगी कंपन्यांनीही तेच केले तर? शिवाय भेट म्हणून वाटलेल्या मालावरचा जीएसटी कंपनीला वजा मिळत नाही, म्हणजे काटकसरीत कात्री आधी तिथेच लागते. देशभर विखुरलेले हजार ग्राहक असले तर एक गेल्याने काही बिघडत नाही. तुमची सगळी भिस्त हिंजवडीवर.

उत्तरपक्ष : हा आक्षेप मला मान्य आहे. हॅरी अँड डेव्हिडच्या गोष्टीचा उत्तरार्धही तोच सांगतो. त्यांची बहुतांश विक्री ऑक्टोबर ते डिसेंबर या एका तिमाहीत व्हायची आणि डोक्यावर कर्ज चढल्यावर एखादा हंगाम कमी पडला तर सावरायला वाव उरत नसे. मार्च २०११ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१४ मध्ये ती १-८००-फ्लॉवर्स या कंपनीने विकत घेतली. तेव्हा मी हिंजवडीला धंद्याचा एक पाय म्हणतो, सगळा धंदा नव्हे. कोणत्याही एका ग्राहकाकडून वर्षाच्या विक्रीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त येऊ देऊ नये, निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, उद्यम नोंदणी करावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो आणि २०२४ पासून आयकरातही त्याला दात आले आहेत. पण या संरक्षणाचा रोख वस्तू बनवणाऱ्याकडे आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळाली तरी तिचा उपयोग मुख्यतः कर्जापुरता. टोपलीत स्वतः बनवलेले काही असावे याला हे आणखी एक कारण. दुसरा पाय म्हणजे घरगुती ग्राहक. त्याच्यासाठी आपले पंचांग हाताशी आहे. जानेवारीत संक्रांतीचे वाण, चैत्रातले हळदीकुंकू, मग लग्नसराई, पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडे येणारे पर्यटक, गौरी-गणपती, नवरात्र आणि मग दिवाळी. मधूनमधून डोहाळजेवण, बारसे, साठीशांत. अधिक महिना २०२३ मध्ये श्रावणात आला होता, २०२६ मध्ये तो ज्येष्ठात आहे, म्हणजे मे-जूनच्या रिकाम्या दिवसांत. या ऑर्डरी पाच-दहा नगांच्या असतात, पण पैसे आधी येतात आणि पुढचा ग्राहक जाहिरातीविना मिळतो, कारण टोपली चार बायकांसमोर उघडली जाते. तुमचे हजार विखुरलेले ग्राहक भक्कम वाटतात खरे, पण त्यांतला प्रत्येक जण जाहिरातीच्या पैशांनी आणलेला असतो आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा पैसे देऊन आणावे लागते.

पूर्वपक्ष : शेवटचे विचारतो. इतक्या जपून चालले तर धंदा लहानच राहील. ज्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर धरणाखाली जाणाऱ्या खाचरांसाठी सत्याग्रह केला, त्याच तालुक्यात आज खाचरांचे प्लॉट पडत आहेत. तरुण मुले हिंजवडीच्या बसची वाट बघतात. दोनशे टोपल्यांनी यात काय फरक पडणार? रोजगार हवा तर आकार हवा.

उत्तरपक्ष : आकार कशाचा, ते आधी ठरवू. हजार रुपयांच्या टोपलीतले किती रुपये तालुक्यात राहतात, हे माझे माप. एक काल्पनिक हिशेब मांडतो. आकडे गृहीत आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. घाऊक बाजारातल्या मालाची टोपली देशभर पाठवली तर समजा साडेपाचशे माल, दीडशे जाहिरात, एकशेतीस कुरिअर, सत्तर खोके, असे नऊशे बाहेर गेले आणि मजुरी-नफा मिळून शंभर राहिले. पाचशे टोपल्यांचे झाले पन्नास हजार. दुसऱ्या टोपलीत साडेचारशेचा माल आणि दुरडी इथली, दीडशेचा माल बाहेरचा, ऐंशीची बांधणी बाहेरची, सत्तर रुपये इथल्या टेम्पोवाल्याचे आणि अडीचशे मजुरी-नफा. राहिले सातशेसत्तर, दोनशे टोपल्यांचे एक लाख चौपन्न हजार. निम्म्याहून कमी टोपल्या आणि तालुक्यात तिपटीने पैसा. प्लॉट विकणे थांबवायला हे पुरेल असे मी म्हणत नाही. मात्र भाताला किराणा दुकानापेक्षा चांगले गिऱ्हाईक मिळाले तर खाचर राखण्याला एक कारण मिळते. आणि लहान राहणे हाच वाढीचा शेवट नव्हे. लिज्जत पापड १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केला. तो वाढला तो शाखाशाखांनी; पापड आजही बहिणी आपापल्या घरी लाटतात. टोपलीचेही तसे होऊ शकते. मुळशीची टोपली पाचशे मैलांवर पाठवण्याऐवजी भोरची भोरमध्ये, मावळची मावळात, जुन्नरची जुन्नरमध्ये भरली जावी. छपाई, नियमांची कागदपत्रे आणि ऑनलाइन दुकान सगळ्यांचे एक असावे. हा विस्तारच आहे, फक्त त्यात माल फिरत नाही, पद्धत फिरते.

दोन्ही बाजू ऐकल्यावर निवाडा करायचा तर पूर्वपक्षाचे एक म्हणणे टिकते. कायम एका तालुक्यापुरते राहण्याची गरज नाही आणि ज्याला दूरचा ग्राहक आपणहून शोधत येतो त्याने त्याला परत पाठवू नये. त्याच्यासाठी चपटे खोके आणि जीएसटी नोंदणी ठेवावी. पण वाढीचा क्रम उत्तरपक्षाचाच बरोबर आहे. टोपलीतला निम्म्याहून अधिक किमतीचा माल परिसरातला असावा, वर्षातला कोणताही महिना अगदी कोरडा जाऊ नये आणि एकही ग्राहक तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठा नसावा. या तीन गोष्टी जमल्यावर नकाशा मोठा करणे हे धाडस राहत नाही. त्या न जमताच नकाशा वाढवला तर वाढतात ती फक्त कुरिअरची आणि जाहिरातीची बिले. मुळशीत किंवा कुठेही असा धंदा चालवणाऱ्यांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते, की पुढच्या दिवाळीच्या जाहिरातीवर पैसे घालण्याआधी गेल्या दिवाळीच्या खरेदीच्या पावत्या काढा आणि त्यांतला किती माल आपल्या तालुक्यातला होता ते मोजा. निम्म्याहून कमी निघाला तर ते पैसे जाहिरातीत न घालता पेरणीच्या दिवसांतच भाताच्या, नाचणीच्या आणि दुरड्यांच्या आगाऊ खरेदीत घाला.